मंजूर प्रतीतली लेआ

भगिनी रविवार वर्षातून एकदा येतो. मग उरलेले एक्कावन्न रविवार कुणाचे, हा प्रश्न नारायण पेठेच्या टोकाला असलेल्या त्या जुन्या चर्चमध्ये आजवर कुणी विचारलेला नाही. विचारला असता तरी तो पंच कमिटीच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात जाऊन तिथेच वारला असता. तर या एका रविवारी बायका पुढच्या बाकांवर बसतात, पुरुष मागच्या बाकांवर बसतात आणि एक बाई व्यासपीठावर चढून बोलते. ज्यांना पुढे बसायला मिळत नाही त्या मागच्या खोलीत चहा करतात.

उल्काबाई आल्हाट सव्वीस वर्षं चहा करत होत्या. धायरीहून नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसायचं, मांडीवर आलं-वेलदोड्यांची पिशवी, सिंहगड रस्त्यावरचे सगळे खड्डे आपल्या कमरेने मोजायचे आणि पोचल्याबरोबर पदर खोचून दीडशे कपांचं पातेलं चढवायचं. वास्तविक बाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर मैदानातला मुलगा हातातली चिंच टाकून उभा राही. पण भगिनी रविवारी बोलायला दर वर्षी दुसरंच कुणी असे. एकदा पाळकांची बायको, एकदा पाळकांची मेहुणी, आणि एका वर्षी तर पाळकांच्या मेहुणीची मैत्रीण, जी नाशिकहून पुण्यात साड्या घ्यायला आली होती.

यंदा उल्काबाईंना पत्र आलं. आलं म्हणजे नवऱ्याने खिशातून काढून दिलं. श्रीधरराव अकरा वर्षं पंच कमिटीवर होते. त्यांनी पाकीट डायनिंग टेबलावर ठेवलं, शेजारी पोच घ्यायची वही ठेवली आणि म्हणाले, "इथे सही कर."

"घरात सही?"

"पद्धत असते."

उल्काबाईंनी सही केली आणि पत्र उघडलं. विषय होता, 'पवित्र शास्त्रातील स्त्रियांच्या जीवनातून वैवाहिक जीवनाचे धडे'. वेळ वीस मिनिटं. भाषण लेखी स्वरूपात, तीन प्रतींत, कमिटीच्या मंजुरीसाठी सादर करावे. खाली सेक्रेटरी अनंतरावांची सही आणि शिक्का. चष्मा पुसून बाईंनी पत्र पुन्हा वाचलं, कारण खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं. सव्वीस वर्षांनी वीस मिनिटं! त्या वीस मिनिटांवर त्यांचा जीव जडला, आणि इथून पुढे जे झालं ते सगळं त्या वीस मिनिटांचं झालं.

पंधरा दिवस त्या लिहीत होत्या. सारा, रिबका, लेआ, अबीगईल, वश्ती राणी, सगळ्या बायका स्वयंपाकघरातल्या ओट्यावर येऊन बसल्या. ऐकायला समोरच्या फ्लॅटमधल्या गोदाबाई. या चंद्रपूरकडच्या. मुलगा संतोष हिंजवडीला, सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसने जो जाई तो रात्री जेवायलाच दिसे. घर गिळायला उठतं म्हणून त्या दुपारी इकडे येऊन मटार सोलत बसत. त्यांना बायबल ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या नीट ऐकत.

लेआची गोष्ट त्यांनी तीनदा वाचायला लावली. लाबानाला दोन मुली. याकोबाला धाकटी आवडली, राहेल, दिसायला देखणी. सात वर्षं तिच्यासाठी राबला आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बुरख्याआड थोरली, लेआ. अधू डोळ्यांची. सासऱ्याने बदलून दिलेली. पुढे आठवड्याने राहेलही त्याला मिळाली आणि लेआ घरात नुसती असायला लागली.

उल्काबाईंनी लिहिलं होतं ते असं: "लेआला पहिला मुलगा झाला. ती म्हणाली, आता तरी नवरा माझ्यावर प्रीती करील. दुसरा झाला. म्हणाली, मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा झाला. म्हणाली, आता तरी तो माझ्याशी जडून राहील. चौथा झाला तेव्हा ती नवऱ्याबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, आता मी परमेश्वराचं स्तवन करीन. बायांनो, लेआचे डोळे अधू होते म्हणतात. चौथ्या खेपेला तिला बरोबर दिसलं."

गोदाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मले तं बाई त्या पोरीचंच वाईट वाटते," त्या म्हणाल्या. "माणूस मारत नाही, शिव्या देत नाही, अन् तरी पाहत नाही. सांगावं तं कोणाले सांगावं?"

हिंजवडीच्याच दुसऱ्या कंपनीत असलेल्या तनयाने, म्हणजे उल्काबाईंच्या लेकीने, ते टाइप केलं. तिचं डिसेंबरात लग्न. "आई, लेआचा पॅरा किलर आहे," ती म्हणाली आणि तिने तो वाचून झाल्यावर आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. उल्काबाई कणीक मळायला लागल्या.

तीन प्रती काढायला त्या नारायण पेठेतल्या संपतरावांच्या दुकानात गेल्या. दुकानावर पाटी: 'येथे झेरॉक्स मिळेल. सल्ला मिळणार नाही.' संपतरावांनी पहिलं पान यंत्रात घालण्याआधी वाचलं, दुसरं वाचलं आणि शेवटच्यावर थांबले.

"धाकटी दाखवून थोरली दिली?"

"हो."

"आणि जावई गप्प?"

"आणखी सात वर्षं राबला."

"पुण्यात चाललं नसतं," संपतराव म्हणाले. "एका बाजूला काढू की दोन्ही बाजूंना? शिवाय शीर्षक बदला. 'धडे' म्हटलं की लोक उठून जातात." पाटीकडे बोट दाखवावं असं बाईंच्या फार मनात आलं, पण रांगेत मागे माणसं होती.

प्रती कमिटीकडे गेल्या. पहिल्या सभेला गणसंख्या भरली नाही, कारण एका सभासदाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि दुसरा त्याला बघायला गेला होता. दुसऱ्या सभेत भाषण वाचायला कुणाकडे चष्मा नव्हता म्हणून छपराच्या गळतीवर चर्चा झाली. ती गळतीसारखीच चालू राहिली. उल्काबाईंनी घरी विचारलं, "माझ्या भाषणाचं काय झालं?" तेव्हा श्रीधरराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "प्रक्रियेत आहे."

आता ज्या माणसाला आपण चौतीस वर्षं गरम पोळी वाढतो, तो माणूस आपल्याच डायनिंग टेबलावर बसून 'प्रक्रियेत आहे' म्हणतो, तेव्हा पोळीवर तूप सोडावं की नाही? उल्काबाईंनी सोडलं. पण थोडं कमी.

दरम्यान कार्यक्रमपत्रिका ठरली. भगिनी रविवार असल्यामुळे स्वागत सेक्रेटरी करणार होते. प्रास्ताविक खजिनदार. वक्त्या भगिनींचा परिचय एक ज्येष्ठ बंधू. 'स्त्रीचे स्थान' यावर दोन शब्द दुसरे ज्येष्ठ बंधू. आभार तिसरे. या सर्व बंधूंना सामावून घेताना भगिनीची वीस मिनिटं पंधरा झाली, मग अकरा, मग सात. उल्काबाई तडक पाळकसाहेबांकडे गेल्या. रेव्हरंड सलिल हे वयाने तिशीतले, नुकतेच शिकून आलेले, स्वभावाने इतके मऊ की दार वाजवलं तरी आतून तेच 'सॉरी' म्हणत.

"आंटी, ॲक्च्युअली मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "तुमचं एक्सेजेसिस, आय मीन वचनांचा अर्थ लावणं, तर फारच छान आहे. पण कमिटीच्या फीलिंग्ज असतात. यू नो."

"मला माहीत नाही. सांगा."

पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं.

रागाचं एक असतं. तो एकदम आला तर माणूस भांडी आपटून मोकळा होतो. हप्त्याहप्त्याने आला तर साठतो. उल्काबाईंचा साठत होता. भाजी घेताना साठत होता, 'ताई, चहाला यंदा दूध किती सांगायचं?' असा सेक्रेटरींचा निरोप आला तेव्हा तर काठोकाठ आला. होय, चहा त्यांनीच करायचा होता. व्यासपीठावरून खाली उतरायचं, मागच्या खोलीत जायचं आणि गॅस पेटवायचा. सेक्रेटरींनी कागदावर आखूनच पाठवलं होतं. अकरा पन्नासला भाषण समाप्त, अकरा बावन्नला चहा.

तिसऱ्या सभेनंतर, शनिवारी संध्याकाळी, मंजूर प्रत हातात पडली. पुन्हा पोच-वही, पुन्हा सही. सोबत पत्र: 'मंजूर प्रतीत जे लिहिले आहे तेच व तेवढेच वाचावे. एक शब्दही कमीजास्त होता कामा नये.' मग प्रत. तीस वर्षं बाईंनी पोरांच्या वह्या तपासल्या, पण इतकी लाल शाई त्यांनी नापासांच्या वहीतसुद्धा वापरली नव्हती. समासात अनंतरावांचे शेरे, प्रत्येकाखाली सही आणि तारीख.

सारा तंबूच्या दारामागे हसली, हे काढावे. उपासनेत हशा नको. रिबका नवऱ्याला फसवते, काढावे. अबीगईल नवऱ्याला मूर्ख म्हणते, काढावे. नवरा खरोखर मूर्ख असला तरी काढावे. वश्ती राणी राजाने बोलावल्यावर येत नाही, समूळ काढावे. लोटाची बायको, नको म्हटलं असताना मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली, ती घालावी. नीतिसूत्रांतली सद्गुणी स्त्री पहाटे उठते, सूत कातते, शेत घेते, तिचा दिवा रात्री विझत नाही. हे फार छान, वाढवावे. तिचा नवरा त्या वेळी वेशीत बसलेला असतो असं बाईंनी पुढे लिहिलं होतं; ते काढावे.

उल्काबाई संतापल्या, पण खरं सांगायचं तर त्यांना गंमतही वाटली. नवरा मूर्ख असला तरी काढावे! हे वाचून दाखवायला त्या गोदाबाईंकडे निघाल्याच होत्या. चप्पल पायात घालता घालता त्यांनी शेवटचं पान उलटलं.

लेआच्या परिच्छेदावर लाल शाई नव्हती. अनंतरावांना त्यात काही गैर दिसलं नव्हतं. त्यावर शिसपेन्सिलीची एक बारीक तिरपी रेघ होती आणि समासात तितक्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे काढावे. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर.' सही नाही. तारीख नाही.

सही कशाला हवी? सरकारी कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केलेल्या श्रीधररावांनी कधीही शाईने टिपण लिहिलं नव्हतं. शाईने लिहिलेलं अंगाशी येतं, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं. किराण्याची यादी पेन्सिलीने, गॅसचा नंबर पेन्सिलीने, तनयाच्या जन्माची वेळसुद्धा कॅलेंडरवर पेन्सिलीने.

उल्काबाई चप्पल घातलेल्या पायांनी खुर्चीवर बसल्या. लेआबद्दल लिहिताना त्यांनी स्वतःच्या घराचा विचार केला नव्हता. निदान शपथेवर सांगावा इतका तरी नाही. चौतीस वर्षं त्यांनी स्वतःची एक समजूत घातली होती, की यांना दिसतच नाही. वाईट नाहीत, लक्ष नसतं. पुरुषांचं नसतं. त्या समजुतीवर त्यांनी संसार केला, ताप अंगावर काढले, आजारी सासूला उचलून बसवलं. आणि आज कळलं की याला दिसत होतं. घराबद्दल एक अवाक्षरही लिहिलेलं नसताना या माणसाने त्या परिच्छेदात आपलं घर बरोबर ओळखलं होतं. ओळखून काय केलं, तर रेघ मारली. तीही बारीक.

श्रीधरराव आतून म्हणाले, "जेवायला काय आहे?"

"लेआवर तुम्ही सभेत काय बोललात?"

आत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "मी तटस्थ होतो. काय आहे जेवायला?"

त्या रात्री उल्काबाईंनी पोळीवर तूप सोडलं नाही. भाषणाला त्यांनी हात लावला नाही. एका शब्दाचाही फरक करायचा नव्हता. पत्रातच तसं होतं.

रविवारी चर्च भरलं. गोदाबाईही आल्या, जरीची साडी नेसून, तनयाच्या शेजारी पुढच्या बाकावर. बंधूंनी स्वागत केलं, प्रास्ताविक केलं. 'स्त्रीचे स्थान' यावर दोन शब्द म्हणून उठलेले बंधू स्त्रीच्या स्थानापाशी पोचायलाच चौदा मिनिटं घेऊन बसले. बाईंची सात मिनिटं सुरू झाली तेव्हा अकरा अठ्ठेचाळीस झाले होते. सेक्रेटरींनी बोटांनी दोनची खूण केली.

उल्काबाईंनी माइकची मान वाकवून बाजूला केली. त्यांना माइक लागत नाही.

"कमिटीने मला लेखी आज्ञा केली आहे," त्या म्हणाल्या. "मंजूर प्रतीत जे लिहिले आहे तेच व तेवढेच वाचायचं. एक शब्दही गाळायचा नाही. मी कमिटीची आज्ञा मोडणार नाही."

मागच्या बाकांवर समाधानाने माना हलल्या. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

"सारा तंबूच्या दारामागे हसली. समासात, लाल शाई: हे काढावे. उपासनेत हशा नको. सही, अनंतराव, सेक्रेटरी, तारीख."

पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अबीगईल दावीदाला म्हणाली, माझा नवरा मूर्ख आहे, त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. समासात: काढावे. नवरा खरोखर मूर्ख असला तरी काढावे. सही, सेक्रेटरी, तारीख."

आता हसू बाकाबाकांवरून मागे जायला लागलं. अनंतराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. आज्ञा त्यांचीच होती, लेखी होती आणि शिक्का मारलेली होती. रेव्हरंड सलिल छपराची गळती शोधत होते. वश्ती राणी समूळ निघाली, लोटाची बायको आत आली, वेशीत बसलेल्या नवऱ्याला खोडलं, आणि प्रत्येक खेपेला सही, सेक्रेटरी, तारीख. पंचाहत्तरीच्या एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "अगो, थांबू नकोस." दोनाची सात झाली, साताची अठरा. वीस मिनिटं बाईंनी वसूल करत आणली होती.

मग शेवटचं पान आलं. उल्काबाईंनी लेआचा परिच्छेद सगळा वाचला, सावकाश, पोरांना धडा वाचून दाखवतात तसा. "चौथ्या खेपेला तिला बरोबर दिसलं." कुणी हसलं नाही. गोदाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "बराबर हाय!"

"याच्यावर एक रेघ आहे," उल्काबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पान उजेडाकडे धरलं. "समासात: हे काढावे. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर. याला सही नाही. तारीख नाही. हे शिसपेन्सिलीने लिहिलं आहे."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायचं कारण नव्हतं. अकरा वर्षं मंडळीतल्या प्रत्येक घरात कमिटीचा कुठला ना कुठला निरोप त्याच पेन्सिलीतून आला होता. आधी दोन डोकी मागे वळली, मग दहा, मग सगळी. शेवटी तनया वळली. श्रीधरराव गीतांचं पुस्तक उघडून बसले होते. पुस्तक उलटं होतं.

उपासना संपली. दीडशे माणसं मागच्या अंगणात आली आणि सवयीने चहाच्या टेबलापाशी उभी राहिली. टेबलावर रिकामे कप होते. अनंतराव लालबुंद होऊन उल्काबाईंपुढे आले. भाषणाबद्दल काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून म्हणाले, "चहा?"

"मंजूर प्रतीत चहा नाही," उल्काबाई म्हणाल्या आणि आयुष्यात प्रथमच त्या अंगणातल्या खुर्चीवर बसल्या.

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, साखरेचा डबा कुठे असतो? कुणीतरी विचारलं, चहा आधी की दूध आधी? थोड्या वेळाने सगळ्यांच्या नजरा पुन्हा एकाच माणसावर गेल्या. श्रीधरराव कुणाकडेही न पाहता मागच्या खोलीत शिरले. आतून काही पडल्याचा आवाज आला, मग आणखी काही पडल्याचा, मग दूध उतू गेल्याचा वास. पाऊण तासाने ते बाहेर आले. शर्टावर डाग, बोटाला चटका, एका हातात कप, दुसऱ्या हातात साखरेची वाटी. दीडशे माणसं ओलांडून ते थेट खुर्चीपाशी आले. पहिला कप होता.

"तुला साखर किती?" त्यांनी विचारलं. आवाज खाली होता, पण अंगणात कुणी बोलत नव्हतं.

उल्काबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग तसाच होता. तो काही एका कपाने जाणारा नव्हता.

"बंद आहे. नऊ वर्षं झाली. शुगर निघाली तेव्हापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं," उल्काबाई म्हणाल्या. "तुम्ही खोडलंत."